चाखायचं नाही

नागनाथ गेला आणि त्याच्या मागोमाग महानंदाची जीभही गेली. बोलायची नव्हे, ती शाबूत होती, दिवसातून दहा वेळा 'बरं' म्हणण्यापुरती. गेली ती चव. नवऱ्याच्या तेराव्याला पानात वाढलेलं गोड तिनं रीत म्हणून तोंडात घातलं, तेव्हा तिला एवढंच कळलं, की तोंडात काहीतरी मऊ आहे आणि ते गार आहे. वासाचंही तेच. सर्दी झाली असेल, जाईल आपोआप, असं ती मनाशी म्हणाली आणि विसरून गेली. जिला कशाचंच काही वाटेनासं झालंय, तिला चव गेल्याचं तरी काय वाटणार?

आता कुणी विचारेल, घरात तीन बायका, दोन वेळचा स्वयंपाक, आणि ही गोष्ट महिनोन्‌महिने कुणाला कळू नये? पण त्याला कारण होतं. महानंदा निपाणीच्या बाजूची. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात एक कायदा होता: करणारीनं चाखायचं नाही. आधी देवाला दाखवायचं, मग माणसांच्या पानात. मध्येच चमचा तोंडाला लावला की सगळं उष्टं झालं. लहानपणी एकदा तिनं आमटीत बोट बुडवून चाटलं होतं, तर आईनं ती आमटी गाईच्या पुढ्यात ओतली आणि दुसरी फोडणीला घातली. "मीठ बोटाला कळायला पाहिजे," आई म्हणायची. "जिभेला विचारून स्वयंपाक करणारी कसली सुगरण?" लग्न होऊन बेंगळुरूला आली, एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये गॅसच्या ओट्यापुढं उभी राहिली, तरी महानंदानं तो कायदा मोडला नव्हता. कोपऱ्यात भिंतीवरच्या देव्हाऱ्याला वाटीभर नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात झाकण निघत नसे.

तेव्हा हात करत राहिले आणि जिभेचं कुणी विचारलं नाही. हाताला अंदाज होता. मात्र हाताला आठवण नसते. मीठ घातलं की घालायचं आहे, हे सांगायला डोकं जागेवर लागतं आणि महानंदाचं डोकं जागेवर नव्हतं. मग एखाद्या दिवशी आमटी खारट जहर व्हायची, तर दुसऱ्या दिवशी भाजी नुसती उकडलेली लागायची. सासूबाई, म्हणजे विठाबाई, गुपचूप आमटीत पाणी ओतून घ्यायच्या. ज्या बाईचा नवरा गेलाय तिला मिठावरून काय बोलायचं, असं त्यांना वाटे. मुलगी रूपश्री भातावर दही घ्यायची आणि मान खाली घालून जेवायची. आणि महानंदा तीच आमटी भुरकून, पान स्वच्छ करून, शांतपणे उठायची. दुःखातल्या घरात माणसं एकमेकांना इतकं सांभाळतात, की शेवटी कुणाला कुणाचा पत्ता लागत नाही.

रूपाचं कॉलेज बसवनगुडीत होतं. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, मी शिल्पामावशीकडे राहायला जाऊ? तिच्या घरापासून कॉलेज चालत जाण्याजोगं आहे. येत्या सोमवारपासून जाईन म्हणते."

"बरं," महानंदा म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. जा की."

रूपानं आईकडे बघितलं. बस लांब पडते हे काही खरं कारण नव्हतं. दीड वर्ष ती त्याच बसनं जात होती. या घरात आता कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं, टीव्हीसुद्धा आवाज बंद करून चालायचा. पोर त्या शांततेला कंटाळली होती, आणि आई एकदा तरी 'नको' म्हणेल म्हणून वाट बघत होती. हे महानंदाला कळत नव्हतं असं नाही. तिला स्वच्छ दिसत होतं. ही गेली की गेली. मावशीकडून हॉस्टेल, हॉस्टेलमधून नोकरी, आणि मग दिवाळीची पाहुणी. पण बसच्या खिडकीतून पाट्या मागे जाव्यात तशी ती समज डोळ्यांपुढून गेली आणि आत काही हललं नाही. न हललेल्या माणसानं 'जाऊ नकोस' म्हणायचं ते कशाच्या जोरावर? खोटं बोलल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. तिनं रूपाच्या पानात भात वाढला.

सोमवारी जायचं आणि आदल्याच दिवशी, रविवारी, रूपाचा वाढदिवस. आता वाढदिवस म्हटला की विठाबाईंची परवानगी आली. नागनाथ त्यांचा एकुलता एक. त्याचं वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरात गोड शिजायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. शास्त्रात असं कुठं लिहिलंय म्हणून कुणी विचारलं असतं, तर भटजीसुद्धा डोकं खाजवत बसले असते. पण पोटचा पोर गेलेल्या बाईला शास्त्र कोण विचारणार?

"पोरं बोलीव, खावा, प्या, दंगा करा," त्या नातीला म्हणाल्या. "माझी ना न्हाई. पर गोड न्हाई करायचं. त्यो केक बी नको."

"सरी, अज्जी," रूपानं कन्नडमधून होकार दिला. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला घरात श्रीखंड व्हायचं. केक मैत्रिणींसाठी आणि श्रीखंड घरच्यांसाठी. परात कोण चाटणार यावरून बाप-लेकीची जुंपायची. त्या श्रीखंडाचं नाव या वेळी कुणीच काढलं नाही.

मग रूपा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, हे करशील? मेक्सिकन आहे. सोपं असतं, स्वल्पच शिजवायचं. तिखट-आंबट आहे, गोड काही नाही."

फोनवर एका काचेच्या बाऊलचं चित्र होतं. बाऊलमध्ये रंगीत थर एकावर एक बसवलेले, आणि बाजूला मक्याचे त्रिकोणी चिप्स. चिप तळापर्यंत खुपसायचा आणि सगळे थर एकदम वर काढायचे, असं रूपानं समजावलं. गेल्या कित्येक महिन्यांत पोरीनं आईकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. महानंदा 'बरं'च म्हणाली, पण म्हणताना तिनं फोन हातात घेऊन चित्र नीट बघितलं.

"खाली राजमा, चेचून," रूपा बोट ठेवत सांगू लागली. "त्यावर बटर फ्रूट, अ‍ॅव्होकाडो गं. मग सावर क्रीम, मग टोमॅटो, मग चीज, वरून ऑलिव्ह आणि कांद्याची पात."

"सावर क्रीम काय असतंय?"

"आंबट क्रीम. पण आपण दही फडक्यात बांधून ठेवू, तेच चालतं असं लिहिलंय. मीठ आणि लिंबू घालायचं त्यात."

"चक्का होय," महानंदा म्हणाली. त्या सगळ्या परदेशी थरांत तिच्या ओळखीचं असं तेवढंच एक होतं.

शनिवारी ती कोपऱ्यावरच्या गाडीवर बटर फ्रूट घ्यायला गेली. या शहरात ते फळ माणसं दुधात साखर घालून पितात. नागनाथला त्याचा भारी शौक होता. गाडीवाल्यानं एकेक फळ अंगठ्यानं दाबत विचारलं, "इवत्तिगा, नाळेगा, अक्का?" आजला पाहिजे की उद्याला?

"बरं," महानंदा म्हणाली.

गाडीवाला हसला. असली गिऱ्हाइकं त्यानं पाहिली असावीत. त्यानं आपणच निम्मी मऊ आणि निम्मी टणक फळं पिशवीत टाकली, म्हणजे आजचंही भागेल आणि उद्याचंही.

संध्याकाळी तिनं दही मलमलच्या फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं. रात्रभर ते थेंब थेंब गळत राहिलं.

रविवारी सकाळचं जेवण लवकर आटोपलं आणि ती कामाला लागली. भिजवलेला राजमा कुकरला लावला. कांदा-लसूण परतला, जिरं आणि तिखट घातलं, राजमा त्यात उलथला आणि पावभाजीच्या मॅशरनं चेचला. पोरं यायची म्हणून नैवेद्याची वाटी काढायची का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण देवाला मेक्सिकोचं काय दाखवायचं? नैवेद्य नाही, म्हणून चाखायला हरकत नव्हती. तरी तिनं चाखलं नाही. सवय नव्हती, आणि चाखून कळणार तरी काय होतं? मीठ मात्र तिनं नीट लक्ष देऊन घातलं. घातल्यावर डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, म्हणजे पुन्हा घातलं जायचं नाही. पोरीनं मागितलेलं आहे, ते बिघडायला नको, एवढं तिनं ठरवलं होतं. वाटत काही नसलं तरी ठरवता येतं.

राजम्याचा थर बाऊलमध्ये बसला. वर बटर फ्रूटचा हिरवा थर, लिंबू पिळून. मग तिनं फडकं सोडलं. चक्का छान घट्ट उतरला होता. त्यात गुठळी राहू नये म्हणून माळ्यावरचं पुरणयंत्र काढलं, आणि पहिला गोळा त्यात घालून फिरवायला घेतलं, तोच फोन वाजला. धाकटी बहीण शिल्पाश्री होती. महानंदानं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"अक्का, खोली रिकामी करून ठेवलीय गं. खिडकीपाशी टेबल लावलंय तिला अभ्यासाला."

"बरं केलंस."

"अंथरूण-पांघरूण काही देऊ नको. आहे सगळं."

"बरं."

पुरणयंत्र फिरत होतं, खाली परातीत पांढरा मऊ चक्का पडत होता. शिल्पानं आवाज उतरवला. "अक्का, एक विचारू? तुला चालेल ना ती इकडं राहिली तर? खरं सांग. तू नको म्हणालीस तर मी तिला समजावते. तिला पण तेच ऐकायचं असेल."

महानंदानं उत्तर शोधलं. सापडेना. रिकाम्या डब्यात हात घालून चाचपावं तसं तिनं आत चाचपलं. तोवर हात आपलं काम करत होते. फळीवरचा डबा खाली आला, झाकण निघालं, लागलं, डबा पुन्हा फळीवर गेला. डाव परातीत गोल गोल फिरत राहिला. विठाबाई पाणी प्यायला म्हणून दाराशी आल्या. ओट्याकडे बघून जराशा थबकल्या आणि पाणी न पिताच परत गेल्या.

"अक्का? ऐकतीस ना?"

"तिला जवळ पडेल तिथनं," महानंदा म्हणाली. "ठेवू आता? काम पडलंय."

फोन ठेवून तिनं परातीकडे बघितलं. चक्का मस्त लुसलुशीत, चकाकत होता. रूपानं सांगितलेलं आठवून तिनं त्यात लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ घातलं, आणि बटर फ्रूटवर तो थर उलथण्याच्या पाठीनं सारखा केला. वर टोमॅटो, मग किसलेलं चीज, मग काळ्या ऑलिव्हच्या चकत्या, मग पात. काचेतून सगळे थर वेगवेगळे दिसत होते, अगदी फोनवरच्यासारखे. महानंदानं बाऊल फ्रिजमध्ये ठेवला आणि परात घासायला घेतली. दरवर्षी ती परात घासायची पाळी यायची नाही. बाप-लेक चाटूनच ती लख्ख करायचे. हे तिला आठवलं, आणि आठवलं तसंच निघून गेलं.

चारच्या सुमाराला पोरं आली. भार्गवी नावाची रूपाची जिवलग मैत्रीण, लांब पायांचा, सारखा हसणारा विराट, आणि आणखी दोघी-तिघी. हॉलमध्ये कन्नड, हिंदी, इंग्रजीची मिसळ सुरू झाली. विठाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होत्या. महानंदानं बाऊल आणून टेबलावर ठेवला तेव्हा भार्गवीनं आधी फोटो काढले, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महानंदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

विराटनं पहिला चिप खुपसला, अगदी तळापर्यंत, आणि भरगच्च वर काढून तोंडात टाकला. दोनदा चावला. मग चावायचा थांबला. त्यानं भार्गवीकडे बघितलं. भार्गवीनं तोवर आपलाही घास घेतला होता आणि तिचेही डोळे मोठे झाले होते.

"सूपर, आंटी," विराट म्हणाला. चांगल्या घरचा मुलगा होता.

रूपानं आईकडे एकदा बघितलं, चिप घेतला, खणून घास काढला आणि खाल्ला. खाल्ल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते महानंदानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. पोरीचा चेहरा उजळला. ती उठली, जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"आई," ती कुजबुजली, "तू श्रीखंड केलंस? माझ्यासाठी? आत लपवून? अज्जीला कळलं तर?"

"श्रीखंड?" महानंदा म्हणाली. "नाही गं. चक्का आहे तो. मीठ-लिंबू घातलंय, तू सांगितलंस तसं."

"आई, गोड आहे ते."

"गोड कसं असेल?"

रूपा हसत होती ती थांबली. तिनं बाहेर जाऊन एका वाटीत तो पांढरा थर काढून आणला आणि चमचा आईच्या तोंडाशी धरला. महानंदानं तोंड उघडलं.

"कसं लागतंय?"

"गार आहे."

"आणि?"

"मऊ आहे."

रूपानं मिठाचा डबा उघडला, चिमूटभर मीठ घेतलं आणि आईच्या जिभेवर ठेवलं. "आता?"

महानंदानं जीभ टाळूला घासली. ती शाळेतल्या मुलीसारखी मनापासून उत्तर द्यायचा प्रयत्न करत होती. "खरखरीत आहे," ती म्हणाली.

रूपानं डब्याचं झाकण लावलं. तो तिनं ओट्यावर ठेवला. "कधीपासून?"

"बाबांच्या तेराव्यापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात."

"म्हणून ती आमटी..."

"आमटीला काय झालं होतं?"

रूपाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम बाहेर पडलं. "खारट असायची, आई! तोंडात धरवत नव्हती. आणि तू ती शांतपणे पिऊन उठायचीस. मला वाटायचं, हिला आता आमचं काही पडलेलं नाही. आम्ही काय खातो, काय नाही, हिला चालतं. मी गेले तरी हिला चालतं."

पोर ओट्याला टेकून हुंदके देऊ लागली. महानंदा तिच्यासमोर उभी होती. आपल्याला आता रडू यायला हवं, हे तिला ठाऊक होतं. ती वाट बघत थांबली. आलं नाही. तिनं रूपाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला केस लागले, डोकं गरम लागलं, एवढंच. पण या वेळी ती गप्प बसली नाही. खोटं न बोलता बोलायचं कसं, ते तिला आत्ता, त्या मिठाच्या डब्याकडे बघताना सापडलं होतं.

"रूपा, ऐक," ती म्हणाली. "मला आत काही होत नाही गं. तू जाते म्हणालीस तेव्हाही काही झालं नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. मी खोटं कशाला सांगू? पण चव कळत नाही म्हणून मी मीठ घालायचं सोडलंय का? घालतेच ना? जिभेला कळत नाही, पण हाताला ठाऊक आहे की मीठ लागतंय. तसं म्हणते मी. जाऊ नकोस."

रूपानं डोकं वर केलं नाही.

दार ढकलून विठाबाई आत आल्या. कुणाचीही परवानगी न घेता त्यांनी ओट्यावरची वाटी उचलली, बोटानं पांढरा थर काढून तोंडात घातला आणि डोळे मिटून चघळला. गोड नको म्हणून सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई, आणि स्वतः वाटी चाटून मोकळी झाली.

"आत्याबाई, माझ्या लक्षात नाही राहिलं," महानंदा म्हणाली. "हातानं साखर घातली गेली."

"मला ठावं हाय. मी बगितलं तुला घालताना."

"मग बोलला का नाहीत?"

विठाबाईंनी वाटी खाली ठेवली. "मला वाटलं, लेकीसाठी करायलीस, चोरून. म्हटलं, करू दे. बंधन मी घातलं, तर डोळं बी मीच झाकावं." त्यांनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्येला आवडायचं गं हे. पोरगं माझं परात चाटत बसायचं, एवढा बाप्या झाला तरी. म्हणून गोड नको म्हटलं व्हतं मी. दुसरं काय कारण न्हवतं."

असं आहे. सात-आठ महिने एका छपराखाली राहून तिघींनी एकमेकींना जे सांगितलं नव्हतं, ते एका वाटीभर चुकलेल्या चक्क्यापायी बाहेर पडलं. विठाबाईंनी पदरानं डोळे पुसले. रूपानं अज्जीच्या खांद्यावर नाक पुसलं. महानंदा कोरड्या डोळ्यांनी दोघींच्या मध्ये उभी होती, आणि पहिल्यांदाच तिला त्याची लपवाछपवी करावी लागत नव्हती.

दारावर टकटक झाली. विराट बाऊल घेऊन उभा होता. तळाचा राजमा तेवढा काचेला चिकटून राहिला होता. "आंटी, इन्नू स्वल्प इदेया?" त्यानं विचारलं. अजून थोडं आहे का? "पहिल्यांदा विचित्र लागलं. मग थांबताच येईना."

पोरं दिवेलागणीला गेली. रूपानं बाऊल घासला. मग आपल्या खोलीत गेली. दोन दिवसांपूर्वी भरून बाहेरच्या दाराशी ठेवलेली तिची मोठी बॅग तशीच होती. ती तिनं उचलली नाही, उघडलीही नाही. 'जाऊ नकोस'चं उत्तर तिनं दिलं नव्हतं, आणि महानंदानं पुन्हा विचारलं नाही. एकदा सांगून झालं होतं. मीठ दोनदा घालायचं नसतं, हे आता तरी तिच्या ध्यानात राहायला हवं होतं.

सोमवारी सकाळी विठाबाई देव्हाऱ्यापुढं बसल्या होत्या. निरांजन लावून झालं होतं, नैवेद्याच्या वाटीची वाट होती. ओट्यावर आमटी उकळत होती. महानंदाचा हात मिठाच्या डब्याकडे गेला आणि तिथंच राहिला. घातलंय का? तिला आठवेना. आमटीकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. आईनं गाईपुढं ओतलेली ती आमटी तिच्या डोळ्यांपुढं आली.

आत रूपा आंघोळ करून केस विंचरत होती. थोड्या वेळात ती निघणार. बॅग दाराशी.

"रूपा," महानंदानं हाक मारली, "जरा इकडं ये. मीठ बघ."

कंगवा हातात घेऊनच रूपा आली. देव्हाऱ्यापुढून विठाबाईंनी मान वळवली. "अगं, देवाला दाखवायचं हाय अजून," त्या म्हणाल्या. मग क्षणभरानं त्यांनीच पुन्हा मान देवाकडे फिरवली. "बगू दे. देवानं बी लई दिस खारट खाल्लंय."

रूपानं पळीतून थोडी आमटी तळहातावर घेतली, फुंकर मारली आणि चाखली.

"स्वल्प कमी आहे."

महानंदानं चिमूट घातली. "आता?"

रूपानं पुन्हा तळहात पुढं केला. "आता सरी."

तिनं केस बांधले आणि कॉलेजची सॅक खांद्याला लावली. दाराशी मोठी बॅग वाटेत होती. तिला पायानं भिंतीकडे सरकवून तिनं चपला घातल्या. महानंदा पळी हातात धरून बघत होती. आत काही झालं का, हे तिनं चाचपून बघितलं. नाही, अजून नाही.

"आई," रूपा दारातून म्हणाली, "संध्याकाळी मी येईपर्यंत भाजीत मीठ घालू नकोस."

"बरं," महानंदा म्हणाली.